अ‍ॅस्कटचे पाच फर्लांग : 'किंग्ज स्टँड'ची गोष्ट

रेडिंगची_मृण्मयी

नमस्कार मंडळी,

मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की जेमतेम मिनिटभर चालणाऱ्या घोड्यांच्या शर्यतीसाठी माणसं एवढ्या लांबून का जातात? तिथे दोन ओळींत उत्तर द्यायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

मी इंग्लंडात रेडिंगला राहते. अ‍ॅस्कटचं रेसकोर्स इथून ट्रेनने अर्ध्या तासावर. जून महिन्यात तिथे रॉयल अ‍ॅस्कट हा शर्यतींचा सोहळा असतो ते पाच दिवस आमच्या स्टेशनवर सकाळपासून टोप्याच टोप्या दिसतात. बातम्यांतही त्या टोप्या आणि राजघराण्याच्या बग्ग्याच येतात. मला सांगायचंय ते पहिल्या दिवशी, मंगळवारी होणाऱ्या पाच फर्लांगांच्या शर्यतीबद्दल. आता तिचं नाव किंग चार्ल्स तिसरा स्टेक्स. पण जुनी माणसं अजून 'किंग्ज स्टँड'च म्हणतात, आणि माझ्याही तोंडात तेच बसलंय.

या शर्यतीचा जन्म चिखलातून झाला. अ‍ॅस्कटचं मैदान १७११ साली अ‍ॅन राणीने सुरू केलं. तिथे 'रॉयल स्टँड प्लेट' नावाची दोन मैलांची शर्यत व्हायची. १८६० साली एवढा पाऊस झाला की मैदानाचा काही भाग घोडे धावण्याजोगा उरलाच नाही. सरळ पट्ट्याचा जेवढा भाग शाबूत होता तेवढ्यावर, म्हणजे पाच फर्लांगांत, ती शर्यत उरकली. दोन मैल धावायची ती शर्यत एक किलोमीटरवर आली. पण लोकांना ती आवडली आणि 'क्वीन्स स्टँड प्लेट' म्हणून दरवर्षी व्हायला लागली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणी गेली, सातवा एडवर्ड गादीवर आला आणि 'क्वीन्स'चं 'किंग्ज' झालं. गंमत बघा, पुढे एलिझाबेथ राणीने सत्तर वर्षं राज्य केलं, ती स्वतः घोड्यांची एवढी जाणकार, तरी हे नाव 'किंग्ज'च राहिलं. २०२४ मध्ये ते बदललं तेव्हा गादीवर पुन्हा राजाच होता.

मी पहिल्यांदा गेले ती २०२२ साली. राणीच्या कारकिर्दीला सत्तर वर्षं झालेलं ते वर्ष, पण राणी स्वतः आली नव्हती. आमचं तिकीट विंडसर एन्क्लोजर या प्रेक्षकांच्या विभागाचं, म्हणजे स्वस्तातलं. तिथे पोशाखाचा कडक नियम नसतो. मी आईची नारायणपेठ नेसले होते. शेजारच्या ऑस्ट्रेलियन आजींनी काठाला हात लावून बघितला आणि स्वतःची जागा सोडून मला कठड्यापाशी घेतलं. हे एन्क्लोजर निकालाच्या खांबाच्या बरंच अलीकडे आहे. त्यामुळे कोण जिंकलं ते तिथून नीट कळत नाही, पण घोडे ऐन वेगात असतात तेव्हा ते आपल्या समोरून जातात.

आधी काहीच दिसत नाही. उजवीकडे लांबवर हिरव्या पट्ट्याच्या टोकाला रंगीत ठिपके. लाउडस्पीकरवर 'सुटले' असं ऐकू येतं आणि ठिपके तिथल्या तिथेच आहेत असं वाटतं. मग कठड्यावर ठेवलेल्या हाताला थरथर जाणवते. आवाज त्याच्या नंतर येतो. टापांपेक्षा श्वासांचा आवाज जास्त, भात्यासारखा, कारण चौखूर उधळलेला घोडा प्रत्येक झेपेला एक श्वास घेतो. आणि ते समोरून गेलेसुद्धा. हवेत गवताची ढेकळं उडत असतात आणि आपण मान डावीकडे वळवेपर्यंत सगळं संपलेलं असतं. ५८-५९ सेकंद. त्या दिवशी नेचर स्ट्रिप नावाचा सात वर्षांचा ऑस्ट्रेलियन घोडा साडेचार घोड्यांच्या लांबीने जिंकला. पाच फर्लांगांत साडेचार लांबी म्हणजे किती, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. शेजारच्या आजी रडत होत्या, त्यावरून काहीतरी मोठं घडलंय एवढं समजलं.

तिथून जो नाद लागला, तो आजपर्यंत. जुने निकाल, जुन्या घोड्यांच्या वंशावळी, मिळेल ते वाचत गेले. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. या शर्यतीला आज जो मान आहे, तो बग्ग्यांमुळे किंवा राजाच्या नावामुळे आलेला नाही. बाहेरच्यांनी तो आणला. एकेकाळी खुद्द इंग्लंडात ही शर्यत दुय्यम ठरवली गेली होती. जगाच्या दुसऱ्या टोकाहून माणसं घोडे विमानात घालून घेऊन आली आणि इथे येऊन जिंकली, तेव्हा कुठे तिची गेलेली पत परत आली.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. कुणाला आणखी माहिती असेल तर जरूर भर घाला.

---

वानवडीचा_अभिजित

मृण्मयीताई, वाचताना अंगावर काटा आला. कठड्याला हात लावून थरथर जाणवते हे शंभर टक्के खरं आहे. आम्ही लहानपणी पुण्याच्या रेसकोर्सच्या कुंपणाला कान लावून बसायचो.

एक शंका. फर्लांग म्हणजे नक्की किती? आमचे आजोबा 'दोन फर्लांगांवर विहीर' असं म्हणायचे, पण महालक्ष्मीला आणि पुण्यात आता सगळं मीटरमध्येच सांगतात.

---

रेडिंगची_मृण्मयी

अभिजित, आठ फर्लांगांचा एक मैल. एक फर्लांग साधारण २०१ मीटर, म्हणजे पाच फर्लांग १००६ मीटरच्या आसपास. शब्दाचं मूळ शेतातलं आहे. नांगराची एक सरी जेवढी लांब, तेवढा फर्लांग. बैल एका दमात जेवढी रेघ ओढतील तेवढं अंतर. आजोबा विहिरीचं अंतर फर्लांगात सांगायचे ते अगदी बरोबर होतं.

१००६ मीटर ५९ सेकंदांत म्हणजे ताशी साठ किलोमीटरच्या वर, आणि तेही जागेवरून सुटून.

---

शंतनू_दादर

लेख छान आहे, पण मुद्द्याशी सहमत नाही. घोड्याचा खरा कस लागतो तो दीड मैलात नाहीतर त्याहून लांब अंतरावर. डर्बी, सेंट लेजर, अ‍ॅस्कटचाच गोल्ड कप, जो १८०७ पासून चालू आहे, ह्या खऱ्या परंपरा. पाच फर्लांगांत डावपेच कसले? स्टॉलचं, म्हणजे सुरुवातीच्या कप्प्याचं, दार उघडलं की पळत सुटायचं. आपल्याकडेही माणसं डर्बीला गर्दी करतात. १००० मीटरची रेस असली की चहा प्यायला जातात.

---

रेडिंगची_मृण्मयी

शंतनूदादा, तुम्ही म्हणताय तेच इंग्लंडातले जाणकार शंभर वर्षं म्हणत आले. म्हणूनच तर १९८८ मध्ये या शर्यतीचा ग्रुप वनचा, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचा, दर्जा काढून घेतला. तो परत मिळायला २००८ साल उजाडलं. मधल्या वीस वर्षांत कागदावर ती दुसऱ्या फळीची शर्यत होती. १९९० मध्ये डेजर जिंकला, १९९४ मध्ये लॉकसाँग जिंकली, ते दोघेही या 'दुय्यम' शर्यतीतच.

लांब अंतराचा मान मीही मानते. त्यात आपल्या माणसांचाही वाटा आहे. बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९४५ मध्ये एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना घेतलं. त्या काळातला तो विक्रम होता. त्याचं नाव आजोबांवरून सयाजीराव ठेवलं. तो १९४७ ची सेंट लेजर जिंकला, पावणेदोन मैलांवर. पुढच्या वर्षी त्यांचाच माय बाबू 'टू थाउजंड गिनीज' ही शर्यत जिंकला.

डावपेच नाहीत हे मात्र मला पटत नाही. पाच फर्लांगांत चूक दुरुस्त करायला वेळच मिळत नाही. २०२२ ला मी होते त्याच दिवशीचं उदाहरण घ्या. अमेरिकेचा गोल्डन पाल फार गाजावाजा होऊन आला होता. दारं उघडली तेव्हा त्याच्या जॉकीची मान बाजूला वळलेली होती. घोडा एका क्षणाने मागे सुटला आणि तिथेच त्याची शर्यत संपली. दीड मैलात तो क्षण भरून काढता येतो.

शिवाय मैदान सरळ आणि रुंद. घोडे कधी दोन घोळक्यांत विभागतात, एक घोळका स्टँडच्या बाजूने, दुसरा पलीकडच्या कठड्याने. मधे बरीच मोकळी जागा. कुठल्या बाजूचं गवत जास्त वेगवान आहे ते जॉकीला आधीच ओळखावं लागतं, आणि कुठला स्टॉल वाट्याला येईल ते नशिबाच्या हातात. त्यात शेवटचा भाग चढाचा आहे. नुसता वेग असलेला घोडा तिथे गळाठतो. तिथे दम लागतो, पाच फर्लांगांतसुद्धा.

---

यारा_काठचा_निनाद

मेलबर्नहून लिहितोय. ताई, तुमच्या त्या आजी का रडत होत्या ते इकडे राहणाऱ्याला बरोबर कळेल.

इकडे २००३ हे साल शाळकरी पोरांनाही माहीत असतं. न्यू साउथ वेल्समधल्या न्यूकॅसलचा ट्रेनर पॉल पेरी, त्याचा घोडा श्वाझीर. नाव फ्रेंच, अर्थ 'निवडणं'. तोपर्यंत ऑस्ट्रेलियात तयार झालेला एकही घोडा रॉयल अ‍ॅस्कटला जिंकला नव्हता. हा मंगळवारी किंग्ज स्टँड जिंकला, सट्टेबाजांचा भाव होता २५ ला १, म्हणजे तो जिंकेल असं फार कुणाला वाटत नव्हतं. इंग्लिश मंडळींना तो नशिबाचा भाग वाटला असणार. पण तोच घोडा चार दिवसांनी शनिवारी सहा फर्लांगांच्या गोल्डन ज्युबिलीत उतरला आणि तीही जिंकला. दोन्ही वेळा वर जॉकी जॉनी मर्टा. मग त्याच मोसमात जुलै कपमध्ये दुसरा आला.

तिथून रांग लागली. २००६ टेकओव्हर टार्गेट, २००७ मिस अँड्रेटी, २००९ सीनिक ब्लास्ट. सात वर्षांत चार. मग २०२२ ला नेचर स्ट्रिप आणि २०२४ ला अ‍ॅसफूरा ही घोडी. नव्या नावाने झालेली पहिलीच शर्यत, किंग चार्ल्सच्या नावाची, बॅलरॅटहून आलेल्या घोडीने मारली! ती बातमी आली तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेली होती आणि आमच्या गल्लीत दोन घरांतून आरोळ्या ऐकू आल्या.

पण माझा लाडका टेकओव्हर टार्गेट. त्याचा मालक आणि ट्रेनर जो जानियाक हा क्वीनबियनचा टॅक्सीचालक. गुडघे खराब म्हणून कुणालाच नको असलेला घोडा त्याने साधारण साडेबाराशे डॉलरला घेतला. आजही तेवढ्यात इकडे धड जुनी मोटार येत नाही. तो स्वतःच त्याला चारा घालायचा, स्वतःच पळवायचा, आणि रोजच्या पोटापाण्याला टॅक्सी होतीच. २००५ साली अ‍ॅस्कटची नवी इमारत बांधायचं काम चालू होतं म्हणून रॉयल अ‍ॅस्कट यॉर्कला भरलं होतं. २० जून २००६ ला राणीने नव्या अ‍ॅस्कटचं उद्घाटन केलं. त्याच दिवशी, त्याच कोऱ्या मैदानावर, टॅक्सीवाल्याचा घोडा किंग्ज स्टँड जिंकला. जॉकी जे फोर्ड, तोही इकडचाच पोरगा. त्याच वर्षी जपानची स्प्रिंटर्स स्टेक्स पण मारली.

हे लिहितानाही मला भरून येतंय.

---

वानवडीचा_अभिजित

निनाददादा, हा किस्सा बाबांना वाचून दाखवला. बाबांनी उभा जन्म तबेल्यात काढला, मोतद्दार म्हणून. ते एवढंच म्हणाले, "गुडघा खराब असलेला घोडा जिंकवायचा म्हणजे रात्री त्याच्याजवळ बसावं लागतं." मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

थोड्या वेळाने त्यांनी सांगितलेलं इथे टाकतो, कारण धाग्याशी संबंध आहे. लांब अंतराचा घोडा आणि छोट्या अंतराचा घोडा तबेल्यातच ओळखू येतो म्हणे. लांब पल्ल्याचा घोडा शेलाटा, हरणासारखा. छोट्या अंतराचा मागून भरलेला, पुठ्ठा रुंद, छाती भक्कम. आणि स्वभाव गरम. शर्यतीच्या सकाळी त्याला सगळं कळतं. खाणं कमी केलं की कळतं, नाल तपासली की कळतं. काही घोडे पॅडॉकमध्येच, म्हणजे शर्यतीआधी फिरवतात तिथेच, घामाने पांढरे होतात, मग रेसमध्ये काही उरत नाही. बाबा एका घोडीच्या कानांत कापसाचे बोळे घालायचे आणि स्टार्टपाशी पोचल्यावर काढायचे. ती दुसऱ्या कुणाला कानाला हात लावू द्यायची नाही. बाबा रजेवर असले की ती शर्यतीला न्यायचीच नाही, असा तबेल्यात अलिखित नियम होता.

---

रेडिंगची_मृण्मयी

अभिजित, बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांनी सांगितलेलं अ‍ॅस्कटच्या पॅडॉकमध्ये दरवर्षी दिसतं. कान झाकणाऱ्या टोप्या घातलेले घोडे, दोन्ही बाजूंना लगाम धरलेली दोन माणसं.

लॉकसाँग अशीच गरम होती. कधी कधी स्टार्टला जातानाच उधळायची आणि सगळा दम तिथेच घालवायची. पण तिची कहाणी ऐकण्यासारखी आहे. १९९२ पर्यंत ती मोठ्या शर्यतींत नव्हतीच, हँडिकॅपमध्ये, म्हणजे सरस घोड्यांवर जास्त वजन लादून धावतात त्या शर्यतींत, धावायची. त्या एका वर्षात तिने गुडवुडचा स्टुअर्ड्स कप, डॉन्कास्टरची पोर्टलंड आणि एअरचा गोल्ड कप, तिन्ही मारल्या. दोन वर्षांनी जॉकी फ्रँकी डेट्टोरी वर असताना किंग्ज स्टँड.

आणि बटाश नावाचा घोडा. २०१८ आणि २०१९, लागोपाठ दोन वर्षं तो इथे दुसरा आला. दोन्ही वेळा ब्लू पॉइंटच्या मागे. वेग एवढा, की २०१९ ला यॉर्कला त्याने डेजरचा १९९० चा विक्रम मोडला. ५६.१६ सेकंदांचा ५५.९० वर आणला. पण अ‍ॅस्कटच्या चढावर ब्लू पॉइंट त्याला गाठायचाच. २०२० ला ब्लू पॉइंट निवृत्त झालेला होता आणि बटाश जिंकला. पण ते करोनाचं वर्ष. स्टँड संपूर्ण रिकामे. तो खांबापाशी पुढे निघाला तेव्हा टाळी वाजवायला कुणी नव्हतं. मी घरी टीव्हीसमोर उभी राहून टाळ्या वाजवल्या. दोन वर्षं वाट बघून मिळालेला विजय असा शांततेत मिळावा, याचं मला अजून वाईट वाटतं.

---

अनुराधा_सातारा

सगळे इतक्या प्रेमाने लिहिताय, पण मला एक विचारायचंच आहे. चाबकाचं काय? आणि पाय मोडलेल्या घोड्यांचं? आणि या सगळ्यामागे शेवटी जुगारच ना? माझ्या माहेरी रेसच्या नादाने एक घर बसलेलं मी बघितलंय. त्यामुळे मला हे नुसतं सुंदर आहे असं वाटून घेता येत नाही.

---

रेडिंगची_मृण्मयी

अनुराधाताई, प्रश्न रास्त आहे.

चाबकाबद्दल आधी. ब्रिटनमध्ये चाबूक आता मऊ, फोम गुंडाळलेला असतो. २०२३ पासून सपाटीच्या शर्यतीत तो जास्तीत जास्त सहा वेळा वापरता येतो. त्याहून जास्त वापरला तर जॉकीला शिक्षा, आणि मर्यादेपेक्षा चार किंवा त्याहून जास्त फटके झाले तर घोडाच बाद. म्हणजे जिंकलेली शर्यत हातची जाते. मला विचाराल तर सहासुद्धा नकोत. बटाशसारखा घोडा चाबकाने पळत नाही, तो पळायलाच जन्मलेला असतो.

दुखापती होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. सरळ पट्ट्यावर वळण नसल्याने एक धोका कमी होतो, पण तो वेग आणि पायांच्या त्या बारीक नळ्या, जोखीम असतेच. एकदा माझ्यासमोर जखमी घोड्याभोवती हिरवे पडदे उभे केले गेले होते. मी त्या दिवशी उरलेल्या शर्यती न बघता घरी आले.

जुगाराबद्दल एवढंच सांगते, की मी एक पैसाही लावत नाही आणि इथे कुणाला लावायला सांगणार नाही. तुमच्या माहेरचं वाचून फार वाईट वाटलं. अशी घरं आमच्या गिरगावातल्या चाळीतही होती.

---

शंतनू_दादर

अनुराधाताईंनी विचारलं ते बरं झालं. आणि मृण्मयी, चढावर दम लागतो हा मुद्दा मान्य. कालपासून जुन्या चित्रफिती बघत बसलोय. २०१९ ची तीनदा पाहिली.

एक कुतूहल. ऑस्ट्रेलियातच असे वेगवान घोडे का निपजतात? माती, हवा, की आणखी काही?

---

यारा_काठचा_निनाद

दादा, मुख्य कारण म्हणजे इथे पैसा आणि मान दोन्ही वेगाला आहेत. दोन वर्षांच्या शिंगरांची १२०० मीटरची गोल्डन स्लिपर, सिडनीच्या रोझहिलला, १९५७ पासून. ती जिंकलेला नर मिळाला की पैदास करणाऱ्याचं नशीबच फळफळतं. म्हणून सगळी पैदास वेगाकडे झुकलेली.

पण त्या वेगाचं बी आलं कुठून, त्याचा धागा परत इंग्लंडला जातो. १९४८ मध्ये लंडनजवळ सँडाउनला दोन वर्षांच्या घोड्यांची एक मोठी शर्यत झाली. अ‍ॅबरनंट नावाचा करडा घोडा आणि स्टार किंग नावाचा लहान चणीचा घोडा, दोघे शेवटपर्यंत खांद्याला खांदा लावून. अ‍ॅबरनंट जिंकला, अगदी थोडक्या फरकाने. पुढच्या वर्षी अ‍ॅबरनंट किंग्ज स्टँड जिंकला आणि इंग्लंडचा लाडका झाला. हरलेल्या स्टार किंगला १९५१ मध्ये जहाजाने ऑस्ट्रेलियात पाठवलं. इथे त्या नावाचा घोडा आधीच होता म्हणून त्याचं नाव स्टार किंगडम केलं. गोल्डन स्लिपर सुरू झाली तेव्हा पहिल्या पाचही वर्षी त्याचीच मुलं जिंकली. पाचही! पहिल्या वर्षीचा टॉडमन तर आठ लांबीने.

थोडक्यात हरलेल्या घोड्याने इथल्या वेगाचा पाया घातला आणि पन्नास वर्षांनी इथले घोडे जाऊन त्यांची शर्यत जिंकू लागले.

---

रेडिंगची_मृण्मयी

निनाद, फार छान सांगितलंस. अ‍ॅबरनंटचं नाव काढलंस तर आता मला थांबवत नाही, कारण तिथे एक धागा थेट पुण्यापर्यंत येतो.

अ‍ॅबरनंटचा करडा रंग त्याच्या आजीकडून आला. आईची आई. तिचं नाव मुमताज महल. १९२२ साली डॉन्कास्टरच्या लिलावात ती ९,१०० गिनींना विकली गेली. घेणारे तिसरे आगाखान. पुढच्या वर्षी ती रॉयल अ‍ॅस्कटला क्वीन मेरी स्टेक्स जिंकली, त्याच पाच फर्लांगांवर. ती सुटली की बाकीचे घोडे नुसते मागून बघत राहायचे, असं तिच्याबद्दल लिहिलेलं आहे. १९२४ मध्ये यॉर्कची ननथॉर्प शर्यतही तिने मारली. तिच्या एका मुलीचा मुलगा अ‍ॅबरनंट, दुसऱ्या मुलीचा मुलगा नसरुल्ला, आणि नसरुल्लाचा वंश तर जगभर पसरला. शेरगर, पेटिट एत्वाल, महमूद हे गाजलेले घोडे, सगळे तिच्याच गोतावळ्यातले.

---

येरवड्याची_स्नेहल

थांबा थांबा. हे आगाखान म्हणजे आमच्या नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसचे?

---

रेडिंगची_मृण्मयी

हो गं स्नेहल, तेच. सर सुलतान महंमद शाह. १८९२ साली दुष्काळात आसपासच्या लोकांना काम मिळावं म्हणून त्यांनी तो वाडा बांधायला घेतला. त्यांच्या घरी आजोबांपासून मुंबईत घोड्यांचा शौक होता. इंग्लंडची डर्बी ते पाच वेळा जिंकले.

आपण शाळेच्या सहलीत तिथे जातो ते कस्तुरबांच्या समाधीसाठी, आणि तेच योग्य आहे. पण पुढच्या वेळी गेलीस तर ही करडी घोडीही आठव.

---

येरवड्याची_स्नेहल

मी रोज ऑफिसला जाताना त्या भिंतीवरून जाते. लहानपणापासून. मुमताज महल नावाची घोडी! आज आईला सांगितलं तर तिला आधी खरंच वाटेना.

---

वानवडीचा_अभिजित

बाबांचा एक प्रश्न. मृण्मयीताई, तुम्ही वर डेजरचं नाव दोनदा घेतलंत. सावलीवरून उडी मारलेला घोडा तोच का? त्यांनी ही गोष्ट तबेल्यात ऐकलेली आहे, पण खरी की बनवलेली ते त्यांना कधी कळलं नाही.

---

रेडिंगची_मृण्मयी

बाबांना सांग, खरी आहे.

डेजरचे ट्रेनर डिक हर्न. १९८४ मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांना गंभीर इजा झाली आणि त्यानंतर ते चाकाच्या खुर्चीत होते. तिथूनच त्यांनी डेजर घडवला. १९९० च्या जूनमध्ये तो किंग्ज स्टँड जिंकला, ऑगस्टमध्ये यॉर्कला विक्रम केला. वर्षाच्या शेवटी त्याला अमेरिकेत बेलमाँटला ब्रीडर्स कप स्प्रिंटसाठी नेलं. तिथे गवत नाही, माती, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा मातीवर पळत होता. शेवटच्या पट्ट्यात तो आणि सेफली केप्ट ही घोडी बरोबरीने आली, आणि डेजर पुढे निघतोय असं दिसत होतं. उतरतं ऊन होतं. स्टँडची लांब सावली मैदानावर आडवी पडली होती. डेजरला वाटलं वाटेत काहीतरी आडवं आहे. त्याने उडी मारली. तोल सावरून पुन्हा पुढे आला, तर खांबाच्या अगदी अलीकडे दुसरी सावली. पुन्हा उडी. घोडी मानेभराने जिंकली.

चित्रफीत आहे. जॉकी विली कार्सन वर आहे आणि तो काहीही करू शकत नाही, ते स्पष्ट दिसतं. घोड्याची चूक म्हणवत नाही. त्याच्यासमोर खड्डा होता आणि त्याने तो ओलांडला.

---

वानवडीचा_अभिजित

बाबांना फोनवर दाखवली. दोनदा पाहिली. म्हणाले, "प्रामाणिक होता." आणि चष्मा पुसायला लागले.

---

अनुराधा_सातारा

मलाही बघवली नाही आणि थांबवतही आली नाही. माझं मत बदललेलं नाही, हे सांगून ठेवते. पण पुढची शर्यत कधी असते? एकदा बघेन म्हणते.

---

रेडिंगची_मृण्मयी

अनुराधाताई, जूनच्या मध्यावर, रॉयल अ‍ॅस्कटच्या पहिल्या दिवशी, मंगळवारी. इथे दुपारी दोनला बग्ग्यांची मिरवणूक येते, चौथ्या जॉर्जने १८२५ मध्ये सुरू केलेली. गेली काही वर्षं ही शर्यत दिवसातली तिसरी असते, इथले पावणेचारला पाच मिनिटं कमी. म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं.

पाच मिनिटं आधी लावा. घोडे स्टॉलमध्ये शिरताना बघायचे असतात. एखादा हमखास आत जायला नकार देतो. मग त्याच्या डोळ्यांवरून कापड टाकतात, दोन-तीन माणसं मागून हात गुंफून त्याला हळूच आत ढकलतात. तोवर आत गेलेले बाकीचे घोडे कान टवकारून उभे असतात. तेव्हा स्वयंपाकघरात गॅस बंद करून या. त्यानंतर मिनिटभराचं काम आहे.